जमिनीवरचे अकरा तास

तळावरचे पायलट मला मिनिटबाई म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, म्हणून मला कळत नाही अशी त्यांची समजूत. पण माझ्या खिडकीची काच वरच्या बाजूने फुटलेली आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. शिवाय नावात खोटं काही नाही. अठ्ठावीस वर्षं मी या खिडकीमागे बसून लोकांनी हवेत काढलेली मिनिटं लिहिते आहे.

काम सोपं आहे. विमान उतरलं की पायलट एक कागद भरून माझ्या पेटीत टाकतो. चाकं जमिनीवरून उचलली ती वेळ, चाकं पुन्हा टेकली ती वेळ. मधला काळ उड्डाणाचा. तो मी त्या पायलटच्या पानावर चढवते आणि बेरीज पुढे नेते. विमान उभ्या जागेवरून हललं, धावपट्टीपर्यंत रखडत गेलं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबलं, हा वेळ धरत नाहीत. नवीन पोरं हमखास तोही लिहून आणतात. त्यांना मी कागद परत करते आणि सांगते, "बाळा, जमिनीवर तर मीही चालते. मला देतात का पंख?"

पंख म्हणजे छातीवर डाव्या खिशाच्या वर असतात ते. प्रशिक्षण पुरं झालं की पंख मिळतात. त्यानंतर सात वर्षं नोकरी आणि दीड हजार तास उड्डाण झालं की त्या पंखांवर एक तारा चढतो. तारा चढला की माणूस ज्येष्ठ वैमानिक. तळावर जुना विनोद आहे: पंख म्हणजे तुला उडता येतं असा सरकारचा अंदाज, आणि तारा म्हणजे तुला उतरता येतं याचा पुरावा. पगारात फारसा फरक पडत नाही. पण तारा असलेला माणूस खोलीत आला की बिनताऱ्याची पोरं पाय खाली घेतात. वादळात कुणाला पाठवायचं हा प्रश्न निघाला की साहेब आधी छातीकडे बघतात, मग चेहऱ्याकडे.

आता सावकाशबद्दल सांगते. हे त्याचं टोपणनाव. सामान नेणारं मोठं विमान तो असं उतरवायचा की मागे ठेवलेल्या खोक्यांनासुद्धा कळू नये. बाकीचे त्याला हसायचे, पण स्वतःची बायकामुलं त्या विमानातून जायची असली की सावकाशची फेरी कधी आहे ते विचारायला हेच माझ्या खिडकीशी यायचे. त्याचे वडील याच तळावर मेकॅनिक होते. पस्तीस वर्षं इंजिनांच्या पोटात हात घातलेला माणूस. पंख नाहीत, तारा नाही, नुसती काळी झालेली नखं. मुलगा पायलट झाला तेव्हा म्हातारा महिनाभर जमिनीच्या दोन बोटं वरून चालत होता.

दोन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी, सावकाश माझ्या खिडकीशी आला. ताऱ्याचा आदेश निघाला होता. माझ्याच बेरजेवरून निघाला होता. पंधराशे दोन तास.

"बाई, जरा बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोल. पण पटकन. अजून चौदा कागद चढवायचे आहेत."

"मी घरी माझी एक वही ठेवतो. तिच्याप्रमाणे माझे पंधराशे होत नाहीत. नऊ तास कमी पडतात."

मला हे असलं काही ऐकायची सवय नाही. कमी धरले म्हणून भांडायला सगळे येतात, जास्त धरले म्हणून सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं. पण मी ते पाहिलंच नाही. मी एवढंच ऐकलं की बाईची बेरीज चुकली.

"तुझी वही!" मी म्हणाले. "घरी चहा पिता पिता लिहितोस ती? अठ्ठावीस वर्षांत माझी बेरीज चुकल्याचं दाखवून दे, मी आज खुर्ची सोडते."

"चुकली असं नाही म्हणत मी. एकदा बघून घेतलं असतं तर बरं. नाहीतर मी येत्या गुरुवारची फेरी मागून घेतो. जाऊन-येऊन सव्वासात तास आहेत. शनिवारी आणखी एक छोटी आहे. विषयच मिटेल."

"आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोण करून घेणार? तुझी रजा मंजूर झाली आहे ना? मग जा. उगाच दुसऱ्याच्या वाट्याची फेरी कशाला ओढतोस? मिनिटबाईने पंधराशे म्हटलं म्हणजे पंधराशे."

मिनिटबाई हे नाव मी स्वतः कुणापुढे उच्चारायची ती पहिलीच वेळ. तो हसला. त्याचा विश्वास बसला. गुरुवारची फेरी दुसऱ्याने केली.

त्याच आठवड्यात, बुधवारी, तारा लावला. आमच्याकडे पहिला तारा कुणाच्या हातून लावून घ्यायचा ते पायलटने ठरवायचं असतं. बहुतेक जण साहेबांना सांगतात, कारण पुढे साहेबांशी काम पडतं. सावकाशने वडिलांना उभं केलं. म्हाताऱ्याने तारा लावला आणि पक्का बसला की नाही ते पाहायला दोनदा ओढून बघितला. सगळे हसले. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, मला वाटलं यात थोडा वाटा माझाही आहे.

मग तो रजेवर गेला. म्हाताऱ्याचा गुडघा झाला. रजेवरून आल्यावर वर्षाची ठरलेली तपासणी झाली आणि डॉक्टरांनी त्याच्या उजव्या डोळ्यात दोनदा बॅटरी मारली. मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर डाग होता. वाचायला अडचण नाही, चालायला नाही, पण विमान चालवणं कायमचं बंद. तेहतिसाव्या वर्षी. मला हे कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, कारण माझ्यासारख्या खाष्ट बाईला रडताना कुणी पाहिलं तर उद्यापासून कागद वेळेवर येणार नाहीत.

त्याने स्वतःच नोकरी सोडायचं ठरवलं. टेबलावर बसून दुसऱ्यांची उड्डाणं आखणं माझ्याने होणार नाही, म्हणाला. शुक्रवारी निरोप ठरला. निरोपाच्या दिवशी छातीवर जे असतं त्याच वेषात फोटो काढतात, तो स्क्वाड्रनच्या भिंतीवर लागतो, आणि तेच सेवेच्या दाखल्यावर येतं. पुढे त्यात बदल होत नाही. त्या दिवसाचा माणूस तो कायमचा माणूस.

निरोप घेणाऱ्याचे सगळे मूळ कागद मुख्यालयात जातात आणि तिथे नव्याने बेरीज होते. मला त्याची काळजी नव्हती. मंगळवारी सकाळी मुख्यालयाचं पत्र आलं. उड्डाणाचे तास चौदाशे एक्याण्णव, ज्येष्ठ वैमानिक पदाचा आदेश रद्द, तारा काढून घ्यावा, अधिकाऱ्याची पोच निरोपापूर्वी पाठवावी.

मी पत्र तीन वेळा वाचलं. मग त्याच्या पहिल्या नेमणुकीचे कागद काढले. त्या तळावरचा छापील कागद आमच्यापेक्षा वेगळा होता. आमच्याकडे डावीकडच्या रकान्यात चाकं उचलल्याची वेळ असते. त्यांच्याकडे डावीकडे चाकं हलल्याची वेळ आणि तिच्या शेजारी उचलल्याची. तो इकडे बदलून आला तेव्हा ते कागद चढवताना माझा हात सवयीने डावीकडचे आकडे उचलत गेला. सहासष्ट उड्डाणं, प्रत्येकात दहा मिनिटं जास्त. बरोबर अकरा तास. बेरीज चुकली नव्हतीच. बेरीज अगदी चोख होती, चुकीच्या आकड्यांची. नव्या पोरांचे कागद मी ज्या चुकीसाठी तोंडावर फेकत आले तीच चूक माझ्या हातून सहासष्ट वेळा झाली होती.

तो दिवस आणि ती सगळी संध्याकाळ मी त्याच्या नऊ वर्षांच्या कागदांवर घालवली. कुठे काही राहून गेलं असेल, कुणी उतरवायचं विसरलं असेल. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं. आणि एक सापडलंसुद्धा! एका उड्डाणात इंजिन गरम झालं म्हणून त्याने विमान मधल्याच तळावर उतरवलं होतं आणि दुरुस्ती करून पुढे नेलं होतं. पुढच्या टप्प्याचा कागद पहिल्या कागदाला मागून चिकटला होता. दोन तास दहा मिनिटं. त्याच्या वहीतही हा टप्पा राहिला असणार, नाहीतर त्याचे नऊ तास कमी पडले नसते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मग उरलेलं मोजलं आणि परत बसले. अजून सहा तास पन्नास मिनिटं कमी होती. त्या गुरुवारच्या एका फेरीत ती भरली असती आणि वर पंचवीस मिनिटं उरली असती.

बुधवारी सकाळी मी साहेबांपुढे उभी राहिले. साहेब भला माणूस आहे. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"साहेब, त्याला एक दिवस दुसऱ्या पायलटच्या जागेवर बसवा. एकच फेरी."

"डॉक्टरांनी बंद केलेला माणूस? बाई, मागे चाळीस माणसं बसतात."

"मग ते नकली विमान आहे ना, शिकायचं, त्यात बसवा सात तास."

"ते जमिनीवर असतं," साहेब हळूच म्हणाले. "जमिनीवरचे तास धरत नाहीत, हे या तळावर तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत. मलाही."

"चूक माझी आहे. मला काढून टाका. तसं लिहून देते मी."

"तुम्हाला ताकीद मिळणारच आहे. पण तुम्हाला काढल्याने त्याचे तास वाढणार आहेत का?"

साहेबांनी सकाळीच मुख्यालयात फोन लावला होता, तेही सांगितलं. तिकडून उत्तर आलं की एकाला सात तास सोडले तर उद्या दुसरा सत्तर मागेल. आणि हे खोटं नाही, मीही हेच म्हटलं असतं. माझ्या जागी दुसऱ्या कुणाची चूक असती तर मीच सगळ्यांच्या आधी म्हटलं असतं.

"पोच घ्यायला कुणाला पाठवू?" साहेबांनी विचारलं.

"मी जाते," मी म्हणाले.

त्याचं घर तळाच्या मागच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ होती. दार म्हाताऱ्याने उघडलं. हातात काठी, पण गुडघा नवीन म्हणून ऐट जुनीच.

"या, या बाई! चढताना त्रास नाही ना झाला? मी आता दिवसातून दोनदा चढतो. डॉक्टर म्हणाले, नवा भाग बसवलाय, वापरा." मग आत बघून ओरडला, "अरे, तुझ्या ऑफिसच्या बाई आल्यात! मी चहा टाकतो."

इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तो सगळ्यांशीच ओरडून बोलतो. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर शुक्रवारचा कोट इस्त्री करून टाकला होता. पंख नवे शिवून घेतले होते, जरीचे, वरती तारा. मी दुसरीकडे बघत बसले.

सावकाश आला, माझ्यासमोर बसला. मी पत्र पुढे केलं. त्याने ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. अगदी विमान उतरवायचा तशा गतीने वाचलं.

"माझी वही बरोबर होती तर," तो म्हणाला.

"तुझी बरोबर होती. मी रकाना चुकले. दोन तास दहा मिनिटं मी शोधून काढली आहेत, पण... तू आला होतास. मी तुला हाकलून दिलं. शिव्या दे मला. काहीतरी बोल."

त्याने पत्राची घडी घातली, उघडली. मग त्याने विचारलं, "ती गुरुवारची फेरी केली असती तर पुरले असते का?"

खोटं बोलायला तेवढीच एक जागा होती. नाही म्हणाले असते तर त्याला जरा तरी बरं वाटलं असतं. पण त्याची वही घरात होती आणि त्याला बेरीज येत होती.

"पुरले असते," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. माझ्याकडून पेन घेतलं आणि पोचेच्या कागदावर सही केली. सहीखाली तारीख घातली, वेळही घातली, मिनिटांसकट. पायलटांना ती सवयच असते. मग उठून कपाटातून ब्लेड आणलं, कोट मांडीवर घेतला आणि ताऱ्याचे टाके एकेक कापायला लागला. नव्या जरीवर ओरखडा येऊ नये म्हणून फार जपून कापत होता. बरा डोळा कोटाजवळ आणून.

"बाबांना तुम्ही सांगाल का, बाई?" मान वर न करता तो म्हणाला. "मला जमणार नाही. तुम्हाला नियम नीट सांगता येतो."

म्हातारा तीन कप घेऊन बाहेर आला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ट्रे. मी ट्रे घेतला. त्याने मुलाच्या मांडीवरचा कोट पाहिला, ब्लेड पाहिलं.

"टाका चुकलाय का? त्या शिंप्याला मी सांगितलं होतं, नीट बसव म्हणून."

"टाका नाही चुकला, काका. मी चुकले," मी म्हणाले. आणि सांगितलं. त्याला ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. ज्या गोष्टी माणूस कुजबुजतसुद्धा सांगू शकत नाही त्या मी ओरडून सांगत होते, शेजारच्या घरात ऐकू जातील अशा. चाकं हलल्यापासून चाकं उचलेपर्यंत, सहासष्ट वेळा, दहा दहा मिनिटं.

तो खुर्चीवर बसला. रागावला नाही. बिघाड सांगितल्यावर मेकॅनिक बसतो तसा तो हातावर हनुवटी ठेवून बसला.

"कमी किती पडतात?"

"सहा तास पन्नास मिनिटं."

"आणि चाकं हलल्यापासून उचलेपर्यंत इंजिन चालू असतं."

"असतं."

"आमच्या वहीत इंजिनाचे तास इंजिन सुरू झाल्यापासून धरायचे. जमिनीवर का असेना. झिजायचं ते झिजतंच म्हणून." तो मला समजावून सांगत होता, जणू मला हे माहीत नसेल आणि कळलं की सगळं सुटेल. "म्हणजे ते अकरा तास तिकडे लिहिलेले असणार."

"लिहिलेले आहेत, काका. इंजिनाच्या वहीत आहेत."

"इंजिनाला ते मिळाले."

"मिळाले."

"आणि हा तेव्हा आतच बसला होता."

"आतच होता."

म्हातारा पुढे वाकला. एरवी ओरडणारा माणूस, पण आता त्याचा आवाज इतका खाली आला की ब्लेडखाली टाका तुटल्याचंही ऐकू आलं.

"मग इंजिनाच्या वहीतले थोडे त्याच्या वहीत घ्या ना, बाई," तो म्हणाला. "सातच तर हवेत. इंजिनाला काय करायचेत?"

तो थट्टा करत नव्हता. सावकाशचा हात थांबला होता. अर्धा तारा सुटून खाली लोंबत होता, आणि म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत माझ्या उत्तराची वाट पाहत राहिला.